ऑर्गनायझेशन डिझाइनवर पीएचडी करायचीय? मग चार्ट मिटा आणि आधी लूमपाशी जाऊन उभे राहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की एमबीएनंतर सहा वर्षं एचआरमध्ये काढलीत, आता ऑर्गनायझेशन डिझाइनवर पीएचडी करायचीय, पण गाईड म्हणतात हा विषय सत्तरच्या दशकातच संपला, आता ऑर्ग चार्टमध्ये, म्हणजे कोण कुणाच्या हाताखाली हे दाखवणाऱ्या तक्त्यात, नवीन काय सापडणार, त्यापेक्षा एंगेजमेंटचा, म्हणजे लोकांचं कामात मन किती त्याचा, सर्वे करा आणि मोकळे व्हा. तर विषय खरंच संपलाय का, आणि नसेल तर सुरुवात कुठून करायची?

मी प्राध्यापक नाही. चौदा वर्षं कारखान्यांत प्रॉडक्शन प्लॅनिंग केलं आणि त्यानंतर आजपर्यंत कंपन्यांच्या रचना बदलायचंच काम करतोय, त्यामुळे या विषयावरचं रिसर्च मी पोटापाण्यासाठी वाचतो, म्हणजे उद्या सकाळी प्लांटवर त्याचा उपयोग होईल का या नजरेने. आणि माझं स्पष्ट मत आहे की विषय संपलेला नाही, तो मधली काही वर्षं चुकीच्या ठिकाणी शोधला गेला. ऑर्ग चार्टमध्ये शोधलात तर खरंच काही सापडणार नाही, तेवढ्यापुरतं गाईडचं बरोबर आहे. पण डिझाइन चार्टमध्ये नसतंच. एकाचं काम दुसऱ्यावाचून अडतं का, अडत असेल तर ते त्याला कधी कळतं, आणि ते सोडवायचा अधिकार त्या दोघांपैकी कुणाला आहे का, डिझाइन म्हणजे एवढंच आणि अभ्यासाचं सगळं खाद्य तिथेच आहे.

आधी गाईडना तसं का वाटतं ते सांगतो. पन्नास-साठच्या दशकात या विषयात फार जोरात काम झालं. जोन वुडवर्ड बाईंनी इंग्लंडमध्ये साउथ एसेक्समधल्या १०० कंपन्या पाहिल्या, आणि आधी त्यांना रचना आणि यश यांचा काहीच मेळ लागेना, पण कंपन्या उत्पादनाच्या पद्धतीनुसार वेगळ्या काढल्यावर, म्हणजे ऑर्डरप्रमाणे एकेक नग करणारे, ढिगाने माल काढणारे आणि केमिकलसारखे अखंड प्रोसेसवाले असे गट पाडल्यावर, दिसलं की प्रत्येक गटातल्या चांगल्या चालणाऱ्या कंपन्यांची रचना त्या त्या गटाच्या सरासरीजवळ आहे. मग १९६१ मध्ये बर्न्स आणि स्टॉकर यांनी स्कॉटलंडमधल्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांवरून दाखवलं की धंदा स्थिर असेल तर नियमाने बांधलेली यंत्रासारखी रचना चालते आणि रोज काहीतरी बदलत असेल तर सैल, एकमेकांशी बोलत चालणारी रचना लागते. १९६७ मध्ये लॉरेन्स आणि लॉर्श यांनी प्लास्टिक, खाद्यपदार्थ आणि कंटेनर अशा तीन उद्योगांत पाहिलं की बाजार जितका अनिश्चित तितकी डिपार्टमेंट्स एकमेकांपासून वेगळी व्हावी लागतात, आणि जितकी वेगळी तितकी त्यांना जोडायला जास्त मेहनत लागते. सगळ्यांना एकच रचना चालत नाही, परिस्थितीनुसार ठरते, असा हा सगळा विचार.

मग झालं काय, की या विचाराचे सर्वे निघायला लागले. केंद्रीकरण किती, नियम किती, लेव्हल किती याचे आकडे काढायचे आणि परफॉर्मन्सशी जोडायचे. एकाचं उत्तर दुसऱ्याशी जुळेना. आणि १९७७ च्या आसपास सगळ्यांचं लक्षच दुसरीकडे गेलं, हॅनन आणि फ्रीमन म्हणाले संस्था बदलत नाहीत, जुन्या मरतात आणि नव्या जन्मतात, मायर आणि रोवन म्हणाले संस्था रचना घेतात ती काम नीट व्हावं म्हणून नाही तर जगाला योग्य दिसावं म्हणून. दोन्ही म्हणणी दमदार आहेत, मी ती नाकारत नाही. पण त्या नादात ‘संस्था अशा का दिसतात’ हा प्रश्न उरला आणि ‘कशा बांधाव्यात’ हा मागे पडला. गाईड ज्याला संपणं म्हणतायत ते हे.

आता तुम्ही जिथून सुरुवात करावी असं मला वाटतं ती जागा आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. अहमदाबाद, कॅलिको ही कापडाची मिल, साल १९५३. तेव्हा अहमदाबाद मुंबई राज्यातच होतं. कामाच्या जागी माणसं कशी वागतात याचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस तिथे आले होते. याच संस्थेच्या एरिक ट्रिस्ट आणि केन बॅम्फोर्थ यांनी दोन वर्षं आधी, १९५१ मध्ये, इंग्लंडच्या कोळसा खाणींवर लिहिलं होतं, आणि बॅम्फोर्थ हा माणूस स्वतः १८ वर्षं खाणीत राबलेला. त्यांनी दाखवलं होतं की नवीन मशिनरी आणून काम तीन पाळ्यांत तोडलं, एका पाळीने कापायचं, दुसरीने कन्व्हेयर सरकवायचा, तिसरीने भरायचं, तेव्हा जुन्या छोट्या जोड्या मोडल्या आणि एका पाळीचा राहिलेला घोळ पुढच्या पाळीच्या डोक्यावर बसायला लागला. मशीन चांगलं होतं. काम तोडण्याची रीत वाईट होती.

कॅलिकोत ऑटोमॅटिक लूम, म्हणजे कापड विणणारे यंत्रमाग, आले होते. मुंबईच्या गिरणगावात साचे म्हणायचे तेच, पण हे आपोआप कांडी, म्हणजे सुताची रीळ, बदलणारे. लूम नवे, तरी उत्पादन वाढेना आणि कापडातले दोष कमी होईनात. राइस यांनी शेडमध्ये उभं राहून कोण काय करतं ते पाहिलं तर तिथे बारा वेगवेगळ्या भूमिका होत्या. विणकर वेगळा, बॅटरीत, म्हणजे लूमवरच्या कांड्यांच्या खणात, कांड्या भरणारा वेगळा, तारा, म्हणजे सुताचे धागे, मोठ्या प्रमाणात तुटल्या की सांधणारा वेगळा, नवा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, चढवणारा वेगळा, जॉबर म्हणजे मुकादम, त्याचा असिस्टंट, तेल घालणारा, झाडणारा, कापड वाहणारा, कांड्या आणणारा, हवेतला दमटपणा सांभाळणारा फिटर, आणखी एक फिटर. आणि इथे खरी मेख बघा. प्रत्येकाकडे असलेल्या लूमची संख्या वेगळी. विणकराकडे अमुक इतके लूम, बॅटरी भरणाऱ्याकडे त्याहून जास्त, तारा सांधणाऱ्याकडे त्याहूनही जास्त. प्रत्येकाचा वर्कलोड मोजून, घड्याळ लावून ठरवलेला, कागदावर अगदी चोख. पण त्यामुळे एका विणकराच्या वाट्याला बॅटरी भरणारा पूर्ण येतच नव्हता, त्याचा काही अंश यायचा, सांधणाऱ्याचा त्याहून लहान अंश, आणि हे सगळे त्याच वेळी दुसऱ्या विणकरांचेही अंशाने. तुमच्या लूमवर तार तुटली आणि सांधणारा चार ओळी पलीकडे दुसऱ्याच्या लूमवर वाकलेला असला तर तुम्ही कुणाला हाक मारणार, आणि त्याने तुमच्याकडे आधी का यावं? कुणाचंच कुणाशी नातं नाही, फक्त शेडशी. त्यांना एक टीम म्हणायला आधार काय होता?

राइस यांनी सुचवलेला बदल ऐकायला साधा वाटतो. लूमचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाला त्या लूमवरचं जवळजवळ सगळं काम करणारी माणसं द्यायची, बारा कप्पे मोडायचे, एकमेकांची कामं येऊ द्यायची, आणि तुटलं-फुटलं तर त्या गटाने आपसात निस्तरायचं. ही कल्पना मांडल्यावर कामगारांनी ती स्वतःहून उचलली, कोण कुणाबरोबर काम करणार हेही त्यांनीच ठरवलं. नवी पद्धत स्थिरावल्यावर एफिशियन्सी साधारण ८० टक्क्यांवरून ९५ पर्यंत गेली आणि सदोष कापड ३२ टक्क्यांवरून २० च्या आसपास आलं. लूम तेच होते.

मुंबईतली एक गोष्ट इथे आठवल्याशिवाय राहत नाही. १९२८ चा गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप, त्यातलं एक मुख्य भांडण दोन साच्यांऐवजी तीन साचे एका माणसाने चालवायचे का हेच होतं. म्हणजे ज्याला आपण आज जॉब डिझाइन म्हणतो त्यावरून दीड लाखाच्या आसपास लोक रस्त्यावर होते. हा विषय फक्त एचआरच्या पीपीटीत बसणारा आहे असं वाटत असेल तर तो समज सोडा, एका माणसाच्या अंगावर किती मशीन आणि अडल्यावर मदतीला कोण हा पोटाचा प्रश्न आहे.

आता माझ्या अनुभवातलं एक सांगतो, म्हणजे मी हे एवढं घट्ट धरून का बोलतोय ते कळेल. चाकणकडची एक ऑटो पार्ट्सची कंपनी, नाव नको. तक्रार अशी की ग्राहकाने ड्रॉइंगमध्ये बारीकसा बदल सांगितला, एखाद्या होलचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, वगैरे, तर तो शॉप फ्लोअरपर्यंत पोचायला तीन-तीन आठवडे लागतात. त्यांनी दोनदा रचना बदलून झाली होती, एकदा डिझाइन आणि प्रॉडक्शन एका व्हाइस प्रेसिडेंटखाली आणलं, मग मॅट्रिक्स केलं, म्हणजे एका माणसाला दोन साहेब, खुर्च्या फिरल्या, बोर्ड बदलले, दिवस तेवढेच. मी आणि तिथली एक ज्युनियर इंजिनियर, आम्ही एक बदल निवडला आणि त्याच्या कागदामागे अक्षरशः चालत गेलो. जिथे कागद थांबला तिथे वेळ लिहायची, कुणी हातात घेतला की वेळ लिहायची. एकूण १९ दिवस लागले आणि त्यातलं खरं काम, म्हणजे कुणीतरी त्या ड्रॉइंगकडे बघून विचार केला किंवा काही बदललं, ते सगळं मिळून पाच तासही भरलं नाही. उरलेला वेळ ट्रेमध्ये. सगळ्यात मोठा थांबा कुठे तर टूल रूमला, म्हणजे हत्यारं बनवणाऱ्या विभागाला, फिक्स्चर, म्हणजे पार्ट पकडून ठेवणारी चौकट, बदलावं लागेल की नाही हे विचारायचं होतं, आणि विचारायची रीत अशी की डिझाइनने प्लॅनिंगला लिहायचं, प्लॅनिंगने टूल रूमच्या साहेबांना, साहेबांनी खालच्या माणसाला. तो खालचा माणूस डिझाइनच्या खिडकीतून दिसत होता हो! मधे फक्त एक शेड आणि सायकल स्टँड. त्याला विचारलं तर त्याने ड्रॉइंग उभ्या उभ्या बघितलं आणि सांगितलं, फिक्स्चरला हात लावायची गरज नाही.

आम्ही चार्टमधला एकही डबा हलवला नाही. रोज सकाळी साडेनऊला टूल रूमचा तो माणूस आणि डिझाइनची ती इंजिनियर वीस मिनिटं भेटायचे, आणि ठराविक प्रकारच्या बदलांवर त्या दोघांच्या सह्या पुरेशा मानायच्या, एवढंच ठरवलं. साधे बदल चार-पाच दिवसांत जायला लागले. पण मुद्दा असा की त्या सह्या पुरेशा आहेत हे वरून मान्य करून घ्यायला मला दोन महिने लागले, आणि खरं डिझाइनचं काम ते होतं.

जे. डी. थॉम्प्सन यांनी १९६७ मध्ये यासाठीच शब्द देऊन ठेवलेत, ते पाठ करा. एक, सगळे एकाच तिजोरीवर जगतात पण एकमेकांवाचून अडत नाहीत, जशा एका बँकेच्या दोन गावांतल्या शाखा, त्यांना नियम पुरतात. दोन, एकाचं झालं की दुसऱ्याचं सुरू, जशी असेंब्ली लाइन, तिथे वेळापत्रक लागतं. तीन, माझ्या कामावर तुझं आणि तुझ्यावर पुन्हा माझं, जसं ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर, तिथे समोरासमोर बोलण्यावाचून गत्यंतर नाही. त्या कंपनीत तिसऱ्या प्रकारचं काम पहिल्या प्रकारच्या साधनांनी, म्हणजे फॉर्म आणि सह्यांनी, चालवलं होतं. मला भेटणाऱ्या दहापैकी सात-आठ केसेस अशाच असतात.

आता तुमच्या गाईडचा खरा आक्षेप, जो त्यांनी बोलून दाखवला नसेल पण असणारच, की अहमदाबादच्या एका शेडवरून किंवा माझ्या त्या चाकणच्या गोष्टीवरून सिद्ध काय होतं? बदल रचनेमुळे झाला की कुणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय म्हणून झाला? रास्त आहे. आणि याचं उत्तर शोधणारं काम पुन्हा कापडाच्या गिरण्यांतच झालंय, तेही तारापूर आणि उंबरगावच्या पट्ट्यात. निकोलस ब्लूम हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ पासून तिथल्या १७ कंपन्यांचे २८ प्लांट अभ्यासले. काही प्लांट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून त्यांना पाच महिने कन्सल्टंटची मदत दिली, एक महिना तपासणी आणि चार महिने प्रत्यक्ष बदल, आणि ज्यांच्याशी तुलना करायची त्यांना फक्त एक महिन्याची तपासणी. बदल म्हणजे काही रॉकेट सायन्स नव्हतं, दोषांची रोज नोंद, सुताच्या साठ्याचा हिशोब, मशीनची वेळेवर देखभाल, रोजची मीटिंग, अशा ३८ पद्धती. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. २०१३ मध्ये हे छापून आलं.

पण डिझाइनच्या दृष्टीने मला त्यातला सगळ्यात मोलाचा भाग वेगळाच वाटतो. या सगळ्या घरच्या कंपन्या. मालक रोज प्लांटवर येणार, बारीकसारीक खर्चालाही त्याची परवानगी, कारण बाहेरच्या मॅनेजरवर भरवसा नाही, माल चोरीला जाईल ही भीती. त्यामुळे कंपनी किती मोठी होणार हे बाजारावर कमी आणि घरात विश्वासातले किती पुरुष आहेत यावर जास्त ठरत होतं. भाऊ संपले की प्लांट संपले. आणि नोंदी ठेवायला लागल्यावर काय झालं, तर मालकांनी मॅनेजरना जास्त अधिकार द्यायला सुरुवात केली, कारण आता काय चाललंय ते लांबूनही दिसत होतं. माहिती आणि अधिकार हे असे एकमेकांत गुंतलेले असतात. रचनेचे अभ्यासक गॅलब्रेथ सत्तरच्या दशकात थिअरीत जे सांगत होते, की रचना म्हणजे शेवटी माहिती कुठे जाते त्याची सोय, ते तारापूरच्या एमआयडीसीत लूमच्या खडखडाटात मोजलं गेलं. ज्याला हा विषय संपलाय असं वाटतं त्यांनी तेवढा एक पेपर वाचावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

विषय पुन्हा उभा राहतोय हे इतर कामांवरूनही दिसतं. इथन बर्नस्टीन यांनी चीनमधल्या मोबाइल फोनच्या कारखान्यात काही लाइनभोवती नुसता पडदा लावला, आणि सुपरवायझरची नजर हटल्यावर काम १० ते १५ टक्क्यांनी वाढलं, कारण कामगारांना माहीत असलेल्या सुधारित युक्त्या ते साहेबासमोर वापरत नव्हते. फनीश पुराणम आणि त्यांच्या सोबतच्यांनी २०१४ मध्ये मांडलं की संस्था कुठलीही असो, जुनी सरकारी कचेरी की ओपन सोर्सवाले, म्हणजे सगळ्यांसाठी खुलं सॉफ्टवेअर मिळून बनवणारे, तिला चारच गोष्टी सोडवायच्या असतात, काम तोडायचं कसं, कुणाला काय द्यायचं, मोबदला काय आणि माहिती कशी पोचवायची. कुठल्याही केसला मी आधी हे चार प्रश्न लावतो, तुम्हीही लावा. आणि तुम्ही आयटीतल्या कंपन्यांचा विचार करत असाल तर मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये लिहिलेलं लक्षात ठेवा, जशी टीमची रचना तसंच सॉफ्टवेअर बनतं. विमानाच्या इंजिनवर सोसा, एपिंगर आणि रोल्स यांनी हेच तपासलं, ५४ भाग, त्यांच्या ५४ टीम, कुठला भाग कुठल्या भागावर अवलंबून आणि कुठली टीम कुठल्या टीमशी बोलते असे दोन तक्ते एकावर एक ठेवले. बहुतेक ठिकाणी जुळलं, पण जिथे जुळलं नाही त्या जागा जास्त करून इंजिनच्या एका विभागाच्या हद्दीवरून दुसऱ्याकडे जाताना होत्या. हे तक्त्याचं तंत्र शिकून घ्या, खर्च काही नाही, चौकटीचा कागद पुरतो.

तर सुरुवात अशी करा. एखादी जागा निवडा जिथे पुढच्या सहा महिन्यांत रचना बदलणार आहे, आणि बदलायच्या आधी आत शिरा, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण बदल झाल्यावर गेलात तर आधी कसं होतं ते सगळे आपापल्या सोयीने सांगतात. दोन-तीन आठवडे नुसतं एका कामामागे चालत जा, ऑर्डर, तक्रार, ड्रॉइंग, क्लेमचा कागद, काहीही चालेल. कुणाला विचारलं गेलं, कुणाला विचारायला हवं होतं पण विचारलं नाही, कुठे थांबलं, ते लिहा. सर्वे नंतर. सर्वेत लोक चार्टप्रमाणे उत्तर देतात, कामाप्रमाणे नाही. दोन सारख्या युनिटपैकी एकाचाच बदल होणार असेल, किंवा एकाचा आधी आणि दुसऱ्याचा नंतर, तर सोन्याहून पिवळं, तुलना आयतीच मिळाली. कंपनीला सांगून बदलाचा क्रम चिठ्ठीने ठरवता आला तर जरूर करा, मी दोन ठिकाणी विचारलंय आणि एका ठिकाणी हो म्हणाले. आणि नियम सगळ्यांना सांगून जा की नावं बाहेर जाणार नाहीत, कारण ज्याच्या ट्रेमध्ये कागद थांबतो तो माणूस बहुतेक वेळा दोषी नसतो, त्याच्या ट्रेमध्ये चार डिपार्टमेंटचे कागद येऊन पडतील अशी रचना दुसऱ्या कुणीतरी केलेली असते. ते त्याच्यावर शेकता कामा नये.

आणि परत जायची तयारी ठेवा. कॅलिकोतल्या प्रयोगानंतर सोळा-सतरा वर्षांनी एरिक मिलर पुन्हा त्या शेड बघायला गेले. एका शेडमध्ये गट पद्धत बरीचशी जशीच्या तशी टिकली होती, बाकी ठिकाणी येरे माझ्या मागल्या, हळूहळू पुन्हा ज्याचं त्याचं काम वेगळं झालं होतं. ब्लूम आणि मंडळीही तारापूरला आठ-नऊ वर्षांनी परत गेली, तर सुरू केलेल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या बंद पडल्या होत्या, मुख्य कारणं दोन, प्लांट मॅनेजर बदलला आणि मालकाला वेळ मिळेना. तरीही मदत मिळालेले प्लांट बाकीच्यांच्या पुढेच होते, आणि त्याच मालकाच्या दुसऱ्या प्लांटमध्ये त्या पद्धती पोचल्या होत्या. म्हणजे रचना टिकते कशाने आणि ढासळते कशाने, यावर कापडापुरतं बोलायचं तरी आपल्याकडे दोन जागा आणि दोन फेऱ्या एवढाच आधार आहे. चाकणच्या त्या कंपनीतली साडेनऊची भेट आता सातव्या वर्षात आहे, ती इंजिनियर प्रमोशन घेऊन दुसऱ्या प्लांटला गेली, टूल रूमचे ते गृहस्थ रिटायर झाले, आणि त्यांच्या जागी आलेले दोघं अजून भेटतात, फक्त वीस मिनिटांची आता दहा झाली आहेत आणि सह्यांच्या यादीत वरच्यांनी पुन्हा एक नाव वाढवलंय. ते नाव का वाढलं हे मला अजून नीट कळलेलं नाही. तुम्हाला पुण्यात फील्डवर्कला जागा मिळत नसेल तर मला कळवा, तिथल्या लोकांशी मी बोलून बघतो.